कडूबाच्या रानातला समुद्र

जुन्या जालन्यात मी एकदा समुद्रात पडलो होतो, हे आता आमच्या गल्लीत सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. ज्यांनी पडताना पाहिलं त्यातले बहुतेक गेले. जे उरले त्यांना मी कसा पडलो ते बारकाव्यासकट आठवतं. कशासाठी पडलो ते मात्र साफ विसरलेत. दुसऱ्याची फजिती माणूस जमेच्या बाजूला मांडतो आणि त्याचा चांगला हेतू कुठंच मांडत नाही. म्हणून म्हटलं, आपणच एकदा लिहून टाकावं.

सुरुवात एका नकाशापासून झाली. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन पावसाळे बरे गेले होते. विहिरींना पाणी आलं होतं आणि लोकांना पुन्हा लग्नं सुचायला लागली होती. अप्पाराव आणि मी एकाच शाळेत. ते गणित शिकवायचे, मी भूगोल. घरंही भिंतीला भिंत लागून, त्यामुळे त्यांच्या घरातली फोडणी आणि काळजी दोन्ही आमच्याकडं आधी पोचायची. त्यांच्या बेबीनंदाला एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा शिवाजी, मूळचा भोकरदनकडचा, बी.एस्सी. बी.एड. नोकरी मात्र आफ्रिकेत. केनिया देशातल्या मोंबासा शहराचं लिकोनी नावाचं उपनगर आहे, तिथल्या शाळेत मास्तर. सुट्टीवर आला तेव्हा पोरीला पाहून गेला. पोरीनंही त्याला पाहिलं, आणि नंतर आठवडाभर ती घागर भरून वाहायला लागली तरी नळ बंद करायला विसरायची. त्यावरून आमच्या सौभाग्यवती पुष्पाबाईंनी निकाल देऊन टाकला की पसंती आहे.

अडचण होती ती चांगुणाबाईंची.

चांगुणाबाई म्हणजे अप्पारावांच्या आई. राहायच्या कुंभार पिंपळगावला, पण होकार-नकार त्यांच्या हातात. त्यांचा एक नेम होता. बाईमाणसानं स्वतः जाऊन घर पाहिल्याशिवाय पोरीचा शब्द द्यायचा नाही. पुरुष घर पाहायला जातात ते जमीन पाहतात, बैल पाहतात आणि जेवून येतात. पाणी किती लांब आहे ते बाईच पाहते, असं त्यांचं म्हणणं. आपल्या तिन्ही लेकींची घरं त्यांनी अशी पायी फिरून पाहिली होती. एका गावात घर चांगलं, मुलगा चांगला, पण विहिरीवर आपल्या माणसांना खाली ओंजळ धरून उभं राहावं लागतं आणि पाणी दुसरा कुणी वरून ओततो, हे त्यांनी पाहिलं. तिथून चहा न घेता परतल्या होत्या. अप्पारावांच्या घरी बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून त्या ही गोष्ट सांगायच्या, तेव्हा कुणी मधे बोलायचं नाही.

आता लिकोनीचं घर पाहायचं कसं?

"काकासाहेब," एका संध्याकाळी अप्पाराव म्हणाले, "माय आल्ये. तुमच्या शाळेतला तो मोठा नकाशा तेवढा दाखवा म्हंजे झालं. पाच मिन्टाचं काम हाय."

आयुष्यात जी कामं पाच मिनिटांची म्हणून माझ्याकडं आली, त्यांनीच माझे केस पांढरे केले.

आफ्रिकेचा नकाशा भिंतीवर टांगला. चांगुणाबाईंनी पदर सावरून नीट पाहिलं. म्हणाल्या, "लई मोठं गाव दिसतं."

"हा सगळा खंड आहे, आजी. गाव इथं, या काठाशी." मी बोट ठेवलं.

"घर कुठंय?"

"इथंच."

"बोट काढा."

मी बोट काढलं. खाली एक ठिपका होता आणि त्यावर कसर लागली होती.

"एवढ्याशा जागेत पोरगा, शाळा, बाजार, पाणी, सगळं?" त्या म्हणाल्या. "मास्तर, तुमच्या बोटाखालीच माझी नात गुदमरून राह्यली की हो."

वास्तविक इथं मी थांबायला हवं होतं. पण त्या वाक्यानं भूगोल या विषयाचाच अपमान झाल्यासारखं मला वाटलं. मी शिवाजीरावांना पत्र लिहून सगळी माहिती मागवली. पोरगा शिस्तीचा. त्यानं घर, शाळा, फेरीचा धक्का, बाजार, रस्ते, सगळं कागदावर काढून पाठवलं. ते मी चांगुणाबाईंना सोपं करून सांगायला गेलो. भूगोलाच्या मास्तरानं कधी सोपं करून सांगू नये.

"असं समजा आजी, मोंबासा शहर हे एक बेट. तो आपला नवा जालना. लिकोनी त्याच्या दक्षिणेला, पलीकडच्या काठावर. तो जुना जालना. मधे आपली कुंडलिका नदी, फक्त ती खारी आणि खोल. बेटाला उत्तरेकडून पूल आहे, पश्चिमेकडून भराव आहे, त्यावरून रेल्वे जाते. पण लिकोनीहून बेटावर जायचं तर फेरी. मोठी नाव. माणसं, सायकली, मोटारी, सगळं तिच्यात चढतं."

दुसऱ्या दिवशी गावभर झालं की अप्पाराव पोरीला आफ्रिकेच्या जुन्या जालन्यात देऊन राह्यले. गल्लीतल्याच एकाच्या नव्या जालन्यातल्या व्याह्यानं मोंढ्याच्या बाजारात बोलून दाखवलं, "एवढं सातासमुद्रापल्याड देता, तर नव्या बाजूला तरी द्यायची!" आमच्या गल्लीला ते झोंबलं. ज्यांनी लिकोनीचं नाव काल ऐकलं होतं ते आज तिच्या बाजूनं भांडायला लागले.

यात तातेराव आलेच. एस.टी.च्या कंट्रोल केबिनमधून सेवानिवृत्त झालेले. शिट्टी मात्र अजून खिशात. कुठल्याही गावाची लायकी तिथं मुक्कामी गाडी आहे का, यावर ते ठरवायचे.

"लिकोनीला मुक्कामी गाडी हाय का?" त्यांनी मला आडवं धरलं.

"तिथं शहरातल्या बसा फेरीपर्यंत येतात. पुढं लहान गाड्या असतात, भरल्या की सुटतात."

"भरल्या की सुटतात!" तातेरावांनी कपाळाला हात लावला. "म्हंजे टाइमटेबल न्हाई. काकासाहेब, बिगर टाइमटेबलच्या गावात पोरगी?"

पण खरी आयडिया त्यांचीच. त्यांनी एकदा डेपोच्या आवारात पांढरी फक्की मारून गाड्या लावायच्या जागा आखल्या होत्या. म्हणाले, "कागदावर बाईमाणसाला कळंना ना? मंग जमिनीवर काढा. चालू द्या त्यांना घरातून."

गल्लीच्या मागं कडूबाचं रान होतं. कडूबा खाऊन-पिऊन सुखी शेतकरी, जुन्या घराण्यातला. रानाच्या कडेला त्याची पायऱ्यांची विहीर, मधून एक नाला. ती पट्टी त्या वर्षी पडीक होती. "घ्या की," तो एका दमात म्हणाला. "समुद्र काढा न्हाईतर डोंगर काढा. पेरायच्या आधी पुसा म्हंजे झालं."

फक्की शाळेकडून मिळवली. ती खेळांच्या सामानात मोडत असल्यामुळे 'खेळाचे नाव' लिहून द्यावं लागलं. मी 'घर पाहणे' असं लिहिलं. हेडमास्तरांनी 'सांघिक की वैयक्तिक' एवढंच विचारलं.

शनिवारी दिवसभर अप्पाराव दोरी धरून मोजमाप सांगत होते आणि मी कमरेत वाकून फक्की सोडत होतो. नाला म्हणजे समुद्राची खाडी. अलीकडं लिकोनी: शिवाजीचं दोन खोल्यांचं घर, शाळा, नारळाची झाडं, फेरीकडं जाणारा रस्ता. पलीकडं मोंबासा बेट, बंदर, रेल्वे स्टेशन. संध्याकाळी काम उरकून उभा राहिलो तेव्हा पांढऱ्या रेषांवर तिरपं ऊन पडलं होतं, आणि खरं सांगतो, मला माझ्याच विषयाचा अभिमान वाटला. कंबर मात्र सरळ होईना.

सकाळी उठून पाहतो तो रानात दहा-बारा माणसं. कुणी रेषांवरून चालतोय, कुणी पावलं टाकून लांबी घेतोय.

"काकासाहेब, प्लॉट पाडले अन् शेजाऱ्याला खबर न्हाई?"

"रस्त्याच्या तोंडचा कितीला?"

मी घसा फोडून सांगितलं की हे प्लॉट नाहीत, ही आफ्रिका आहे. त्यावर एकानं मान डोलावली. "असू द्या की, नाव काय बी ठेवा. पाण्याची सोय हाय ना?"

कडूबा माझ्याकडं संशयानं पाहायला लागला आणि त्याच वेळी स्वतःच्या रानाकडं आदरानं. सोमवारी नोटीस आली. ज्या कचेरीतून आली तिचं नाव घेत नाही. अजून तिथं माझी कामं पडतात. विषय: विनापरवाना अभिन्यास टाकून भूखंड पाडल्याबाबत.

टेबलावर रामराव नावाचे लिपिक होते.

"लेआऊट कुणाचं?"

"लिकोनीचं."

"ते कुठं आलं?"

"आफ्रिकेत."

रामरावांनी चष्मा काढून पुसला. "मंग हद्दीबाहेर हाय."

"तेच म्हणतोय मी."

"हद्दीबाहेर असंल तर तिथल्या पंचायतीचं ना-हरकत लागंल."

मी डोकं धरून बसलो. अप्पारावांनी पोरीच्या सोयरिकीची सगळी हकीकत सांगितली. रामरावांनी चहा मागवला, ऐकता ऐकता दोनदा 'अरारा' म्हणाले, आणि शेवटी फायलीवर शेरा मारला: 'सदर रेषा वाऱ्याने आपोआप नष्ट होण्याच्या मार्गावर असल्याने कार्यवाही तूर्त स्थगित.' इतकं निर्मळ सरकारी मराठी मी नंतर कधी वाचलं नाही. आम्ही निघालो तसे ते उठून दारापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "फेरीजवळचा कोपरा कुणाला गेला हो? आमच्या साडूला बघायचा होता."

पुढच्या रविवारी घर पाहण्याचा कार्यक्रम झाला. वाऱ्यानं पुसलेल्या भिंती मी पहाटे पुन्हा ओढल्या. चांगुणाबाई इरकली लुगडं नेसून आल्या. भोकरदनहून शिवाजीचा थोरला भाऊ संपत आला. गल्ली तर सगळी होतीच. कडूबाची बायको झुंबरबाईसुद्धा विहिरीकडून येऊन उभी राहिली.

चांगुणाबाई फक्कीच्या चौकोनापाशी थांबल्या. "हे दार?"

"हो."

त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि आत जाताना मान किंचित वाकवली. वर चौकट नव्हती, आभाळ होतं. पण त्या वाकल्या, आणि मग मागून आलेल्या सगळ्या बाया तिथं वाकूनच आत गेल्या. एकीनंही भिंतीच्या रेषेवरून पाय टाकला नाही. भिंतीतून आरपार गेली ती फक्त कडूबाची शेळी.

"चूल?"

"स्टोव्ह आहे, आजी."

"खिडकी?"

"समुद्राकडं. वारा भरपूर."

"वारा भरपूर तर स्टोव्ह कसा पेटंल?" त्या म्हणाल्या. मी शिवाजीला लिहून कळवण्याचं आश्वासन दिलं. "पाणी?"

"नळ आहे. शेजारी सगळ्यांना एकच."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

त्यांनी नळाच्या जागी काढलेल्या गोल खुणेवर हात फिरवला, आणि हाताला लागलेली फक्की पदराला न पुसता तशीच ठेवली.

मग फेरी. मोंढ्यातून आणलेला हातगाडा म्हणजे फेरी. नाल्यात घोटाच्या वर गढूळ पाणी होतं. त्यात फळ्या टाकल्या होत्या. गाड्यावर चांगुणाबाई, बेबीनंदा, झुंबरबाई, संपत, स्वतः कडूबा. पुढच्या टोकाला मी, बंदर दाखवायला. मागून ढकलायला चार गडी. तातेरावांनी शिट्टी मारली. "चला, सुटली! लिकोनी-मोंबासा, विनाथांबा!"

"आता डाव्या हाताला," मी हात लांब करून सांगत होतो, "किलिंदिनी नावाचं बंदर लागतं. मुंबईची बोट इथंच..."

फळी सरकली. गाडा एका अंगाला कलला. बाकी सगळ्यांनी गाड्याची कड धरली होती. हात लांब केलेला मी एकटाच. मी बंदरात पालथा पडलो.

गल्लीचं ते हसणं अजून कानात आहे. पुष्पाबाईंचं त्यात सगळ्यांत मोठं होतं. चिखलातून डोकं वर काढलं तेव्हा चांगुणाबाई गाड्यावर ताठ बसलेल्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "मास्तर, समुद्र खोल किती हाय हो?"

हे सगळं मी ज्यासाठी सांगतोय ते याच्या पुढचं.

पलीकडच्या काठावर, म्हणजे मोंबासा बेटावर, आम्ही उतरलो. लोकांना वाटलं कार्यक्रम झाला. चांगुणाबाई म्हणाल्या, "जायाचं समजलं. आता येयाचं दाखवा."

"येण्याचं म्हणजे?"

"पोरीला माघारी यावं वाटलं तर कसं येयाचं?"

मी चिखल पुसत सांगितलं. फेरीनं बेटावर, तिथून बंदर, बोटीनं मुंबई, मुंबईहून मनमाड, मनमाडला गाडी बदलून लहान लाइननं जालना.

"मनमाडला गाडी चुकली की मुक्काम तिथंच," तातेराव म्हणाले.

"मनमाडचं मला भ्या न्हाई. तिथं आपली माणसं हायेत, च्या मिळतो," चांगुणाबाई म्हणाल्या. "ह्या फेरीचं बोला. ही बंद असली तर?"

"दुसऱ्या दिवशी चालू होते."

"आन् पोरीला त्याच दिशी निघावं लागलं तर?"

आता कुणी हसत नव्हतं. संपतला ते लागलं. "आजी, आमचा शिवाजी तसा न्हाई."

"बापू," त्या म्हणाल्या, "लग्नाआधी तसा कुणीच नसतो."

इतक्या दिवसांत ज्या पोरीसाठी आम्ही समुद्र आखला, नोटीस घेतली आणि चिखल खाल्ला, तिला कुणी एक शब्द विचारला नव्हता. ती आपणहून बोलली. "आजी, राग आला तर मी फेरीसाठी थांबंल. थांबून थांबून राग बी उतरंल."

बाया 'बघा कशी शहाणी' म्हणून एकमेकींकडं पाहायला लागल्या. चांगुणाबाईंनी मान हलवली. "रागाचं न्हाई म्हणून राह्यले मी, बाई. रागानं आलीस तर थांब खुशाल. हात उगारला म्हणून निघालीस तर?"

बेबीनंदानं मागं वळून नाल्याकडं पाहिलं.

"तर थांबू नको. पवून ये."

"मला पोहता येत न्हाई."

"मंग शिक. तुला पवायला आलं की माझा होकार. ह्या काठाला मी उभी असंल."

ती खाडी रुंद आहे, मोठ्या जहाजांचा रस्ता आहे, पट्टीच्या पोहणाऱ्याचंही ते काम नाही, हे मी सांगणार होतो. पण घोटभर पाण्यात नुकत्याच बुडालेल्या माणसाचं समुद्राबद्दल कोण ऐकणार?

तर बेबीनंदाचं लग्न आता पोहण्यावर येऊन थांबलं. जालन्यात त्या काळी पोरीबाळींनी पोहायला शिकावं अशी जागा कुठली? सगळ्यांच्या नजरा हळूहळू कडूबाच्या विहिरीकडं वळल्या. पायऱ्या होत्या, पाणी भरपूर होतं, आडोसा होता.

ज्या कडूबानं समुद्रासाठी रान एका दमात दिलं होतं, तो विहिरीचं नाव निघताच खाली बसला. मोटर बसवायची आहे म्हणाला. गाळ काढायचा आहे म्हणाला. मग विहिरीत पाणसाप निघाले. अप्पारावांच्या घरातलं कुणी त्या पायऱ्या आजवर उतरलं नव्हतं. का नव्हतं ते प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि प्रत्येक जण आपापल्या चपलेकडं पाहत होता. आफ्रिकेवर घटकाभर बोलू शकणारा मीही चपला पाहत होतो. एक नाल्यात राहिली होती.

"राहू द्या, काकासाहेब," अप्पाराव शर्टाची बाही सारखी करत म्हणाले. "सोयरिकी काय, दुसऱ्या बी येतील."

तेव्हा मागून आवाज आला. "आवो," झुंबरबाई नवऱ्याला म्हणाली, "आपल्या रानात समुद्र चालला. नावंत सगळ्यासंगं मांडीला मांडी लावून बसलात. आन् हिरीत एक पोरगी चालंना व्हय?"

कडूबानं तोंड उघडलं.

"साप बिलकुल न्हाईत," ती म्हणाली. "मी रोज पाणी शेंदते, मला दिसले न्हाईत. बेबे, उद्या सकाळी ये. मी शिकवते. मी गोदाकाठची हाय, म्हशीच्या शेपटीला धरून पवायला शिकले."

कडूबानं तोंड मिटलं. घरात जेवायचं होतं त्याला.

त्यानंतरचा महिना दीड महिना सकाळच्या वेळी रानाकडं पुरुषांनी फिरकायचं नाही असा हुकूम निघाला. आम्हाला बातम्या तेवढ्या मिळायच्या. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधलाय. नाकात पाणी गेलं. आज डबा अर्धा सुटला. तातेराव श्वास कधी घ्यायचा याच्या सूचना कुंपणाबाहेरून ओरडून द्यायचे आणि झुंबरबाई त्यांना ढेकळं मारायची. आमच्या पुष्पाबाईंचे केसही रोज सकाळी ओले दिसायला लागले. विचारलं तर म्हणाल्या, "न्हायले." इतकं कुणी रोज डोक्यावरून न्हातं का? पण नाल्यात पडलेल्या माणसानं फार चौकशी करू नये, म्हणून मी गप्प बसलो.

डबा सुटला त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले. चांगुणाबाई परीक्षा घ्यायला आल्या. त्या वेळी आम्हाला लांबून पाहायची परवानगी मिळाली. पोरीनं या पायरीवरून उडी मारली, त्या कडेला हात लावला, परतली. "एकडाव आणखी," आजी म्हणाल्या. ती पुन्हा गेली.

चांगुणाबाई पायरीवर टेकल्या. ऊन लागलं असावं. "पाणी दे गं," त्या म्हणाल्या.

झुंबरबाईनं विहिरीतून तांब्या भरला आणि हातात दिला. चांगुणाबाईंनी तो हातात धरून थोडा वेळ तांब्याकडं पाहिलं, मग झुंबरबाईकडं. कडूबा कडेला उभा होता, तो आभाळाकडं पाहायला लागला. त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि सगळा संपवला.

"गोड हाय," त्या म्हणाल्या. "अप्पा, भोकरदनला कळव. घर पसंत हाय."

लग्न पुढच्या सुट्टीत झालं. जालना स्टेशनवर गाडीनं शिट्टी दिली तेव्हा तातेरावांनीही दिली, सवयीनं. फक्की पावसानं धुऊन नेली. कडूबानं तिथं ज्वारी पेरली.

दोन वर्षांनी बेबीनंदा आणि शिवाजीराव पहिल्यांदा सुट्टीवर आले ते भर भादव्यात. आधी आजीला भेटायचं म्हणून जालना स्टेशनवरूनच थेट कुंभार पिंपळगावला निघाले. अप्पाराव आणि मी सोबत. लिकोनीची फेरी वेळेवर, मुंबईची बोट वेळेवर, मनमाडची गाडीसुद्धा मिळालेली. आणि गावाच्या अलीकडं ओढा तुंबलेला. नदीचं पाणी मागं फुगून रस्त्यावर आलेलं. वाहत नव्हतं, नुसतं पसरून बसलं होतं. एस.टी. थांबली. ड्रायव्हरनं बिडी पेटवली. "उद्याच्याला उतरंल," म्हणाला. आफ्रिकेपासून सगळं सुरळीत, आणि गाव दिसतंय तिथं दळणवळण संपलं.

पलीकडच्या काठावर माणसं जमली होती. त्यांत पुढं, काठी टेकून, इरकली लुगडं.

बेबीनंदानं पाहिलं. पर्स नवऱ्याच्या हातात दिली, चपला माझ्या हातात दिल्या, कासोटा घातला आणि कुणी काही म्हणायच्या आत पाण्यात शिरली. गळ्यापर्यंत पाणी आलं, मग पाय उचलले. अप्पाराव 'अगं, अगं' म्हणत काठानं धावत सुटले. ड्रायव्हरची बिडी विझली. तिची लय मात्र एकदाही बिघडली नाही. पलीकडं चांगुणाबाईंनी काठी टाकली आणि दोन्ही हात पुढं केले. अंतर फार नव्हतं. पण त्या दोघींचं रडणं इकडं ऐकू येईपर्यंत मी श्वास धरून ठेवला होता.

इकडच्या काठावर आम्ही तिघं, सहा बॅगा आणि एक ट्रान्झिस्टर.

"तुम्ही जात नाही?" मी शिवाजीरावांना विचारलं.

"मला पोहता येत न्हाई, सर." पर्स दुसऱ्या हातात घेत ते म्हणाले, "अन् सर, तुम्ही तो जो नकाशा काढल्ता..."

"त्याचं काय?"

"तो उलटा होता. खरी खाडी घराच्या उत्तरेला, तुमचा नाला दक्षिणेला होता. पहिल्या दिवशी तुमच्या भरवशावर ही एकटीच फेरीकडं म्हणून निघाली, तर उलटी दक्षिणेला, टांझानियाच्या रस्त्याला लागली. वाटेतल्या एका म्हातारीनं हाताला धरून माघारी आणली."

मी यावर भूगोलाच्या वतीनं काहीतरी उत्तर देणार होतो. तेवढ्यात पलीकडून, पाण्यावरून, चांगुणाबाईंचा खणखणीत आवाज आला. ओल्या नातीला त्यांनी पदराखाली घेतलं होतं, आणि सगळं गाव मागं उभं राहून हसत होतं.

"जावईबापू! बसा निवांत! आज फेरी बंद हाय!"